विक्रीआधी घर ‘नवे करून देतो’ म्हणणाऱ्यांविषयी

कोथरूडमधील आमचा जुना फ्लॅट विकायला काढला, तेव्हा एजंटाने पहिल्याच भेटीत सांगितले की, या अवस्थेत घराला गिऱ्हाईक मिळणार नाही. ६ लाख रुपये खर्च करा, १५ लाख जास्तीचे मिळवून देतो. ठेकेदारही त्यानेच आणला. कामाच्या प्रत्येक हप्त्यातून एजंटाला वाटा जात होता, हे पुढे त्या ठेकेदाराकडे पैसे थकलेल्या सुतारानेच सांगितले. म्हणजे घर विकले गेले असते तर दलाली मिळणारच होती, आणि नाही विकले तरी त्याची कमाई आधीच झालेली होती.

दरपत्रकात स्वयंपाकघरासाठी आयएस ७१० दर्जाचे, पाण्याला दाद न देणारे मरीन प्लायवूड लिहिलेले होते. पहिल्याच पावसाळ्यात सिंकखालचे कपाट फुगले, तेव्हा फळी काढून पाहिली, तर तिच्यावर आयएस ३०३, एमआर असा साध्या प्लायवूडचा शिक्का निघाला. बेडरूममधील ओल वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून झिरपत होती. तिचे मूळ न शोधता भिंतीला पुट्टी व रंग फासण्यात आला आणि छताचे डाग पीओपीच्या आड गेले. जाणते गिऱ्हाईक मात्र असे कोरे पीओपी पाहिले की वर काय झाकले आहे, हेच आधी विचारते, आणि तसेच झाले.

मुळात घर पाहायला येणाऱ्यांचे प्रश्न वेगळेच होते: शेअर सर्टिफिकेट आहे का, सोसायटीचे कन्व्हेयन्स (जमीन व इमारत सोसायटीच्या नावावर होणे) झाले आहे का, कार्पेट एरिया किती, पुनर्विकासाचे कुठवर आले. पुनर्विकासात नव्या घराचे क्षेत्र साधारणपणे जुन्या कार्पेट एरियावरून ठरते आणि मॉड्युलर किचन इमारतीबरोबर पाडले जाते, त्यामुळे अशा सोसायटीत आतील सजावटीला कोणी वेगळे पैसे मोजत नाही. आमच्या सोसायटीत ही चर्चा चालू असल्याचे एजंटाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. आमचा राग मुख्यतः याच गोष्टीचा आहे.

ज्यांच्या मनात असा खर्च करायचे आहे, त्यांनी एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन-तीन एजंटांकडून ‘घर आहे तसे’ या अटीवर भाव काढावा, आणि ज्याची दलाली विक्रीवर ठरली आहे त्याच्या ओळखीचा ठेकेदार नेमू नये. गळती, तुंबलेले नळ, बिघडलेली वायरिंग एवढे दुरुस्त करणे रास्त आहे. प्लायवूडवरील शिक्का लॅमिनेट चिकटवण्यापूर्वीच पाहावा आणि शेवटचा हप्ता काम तपासून झाल्यावरच द्यावा.

पक्क्या बिलाचा आग्रह तर सोडूच नये. ‘जीएसटी कशाला भरता’ असे म्हणून ठेकेदाराने बरीचशी रक्कम रोखीने घेतली आणि बिल दिलेच नाही. घर विकल्यावर भांडवली नफ्यावरील कराचा हिशेब करताना घरातील कायमस्वरूपी सुधारणांचा खर्च वजा मिळू शकतो, पण तो दाखवायला आमच्याकडे एकही कागद उरलेला नाही.