ई४३एच११ आणि ई४३एच१२: सर्व्हे ऑफ इंडियाच्या दोन फुकट शीट

पाटबंधारे खात्यात मी ट्रेसर म्हणून लागलो आणि हेड ड्राफ्ट्समन होऊन निवृत्त झालो. टोपोशीट, म्हणजे डोंगर, नद्या, वस्त्या दाखवणारा सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा, हा आमचा रोजचा कागद. धरणाची जागा ठरायची झाली की शीटवर पेन्सिलने पाणलोटाची हद्द मारायची. धारेधारेने रेघ फिरवत पुन्हा धरणापाशी आणायची आणि आतलं क्षेत्रफळ प्लॅनिमीटरने, म्हणजे कडेवरून फिरवून क्षेत्रफळ सांगणाऱ्या यंत्राने, काढायचं. शीट मात्र कपाटात, कुलपात. वहीत सही करून न्यायची, संध्याकाळी परत. त्यामुळे पुतण्याने "काका, आता ह्या फुकट मिळतात" म्हणत लॅपटॉपवर सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवरून एक शीट उतरवली, तेव्हा मी आधी मागे कोणी उभं आहे का ते पाहिलं!

आम्हाला राजगड-तोरणा करायचा होता. माझ्या डोक्यात अजून जुने नंबर, ४७एफ/११ आणि ४७एफ/१२. २००५च्या नकाशा धोरणानंतर लोकांसाठी निघालेल्या ओपन सीरिजमध्ये त्यांचे ई४३एच११ आणि ई४३एच१२ झाले. चौकट तीच, अक्षांश-रेखांशाची १५ मिनिटं गुणिले १५ मिनिटं. आणि नेमकी १८ अंश १५ मिनिटं अक्षांशाची रेघ ह्या दोन किल्ल्यांमधून जाते. राजगडाचा बालेकिल्ला खालच्या शीटच्या वरच्या काठाला टेकलेला, तोरणा वरच्या शीटवर. एवढी चालती वाट, पण एका कागदावर मावत नाही. दोन्ही शीट घ्या, एकीचा समास ब्लेडने कापा आणि दुसरीवर चिकटवा.

छापून घेताना मात्र जपा. मी पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या एका दुकानात गेलो, तर पोराने 'पानात बसवा'वर टिचकी मारून ए३ वर काढून दिली. दिसायला सुबक, कामाला शून्य. शीटचं प्रमाण १:५०,०००, म्हणजे २ सेंमीला १ किमी. नुसती चौकटच साधारण ५५ सेंमी उंच आणि ५३ सेंमी रुंद भरते. ती ए२ वरही मावत नाही, ए१ लागतो. प्लॉटरवर मोठे कागद छापणाऱ्याला "शंभर टक्के, फिट करू नका" असं बजावून सांगा. तरी आक्रसलीच, तर खाली छापलेल्या किलोमीटरच्या पट्टीवरूनच अंतर मोजा. पट्टी नकाशाबरोबर आक्रसते, त्यामुळे ती खरी राहते. १:५०,००० हा आकडा तेवढा खोटा पडतो.

आता मुख्य माल, समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. तपकिरी, दर २० मीटरला एक, पाचवी जाड. सह्याद्री वाचायला ह्यापेक्षा चांगलं साधन मला माहीत नाही, कारण आपला डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा आहे. लाव्ह्याच्या थरावर थर. रेषा दाटून एकमेकींना चिकटल्या की कडा, मग एकदम फाकल्या की पदर किंवा माची, परत दाट. ओढ्याच्या घळीत रेषेचं टोक वर डोंगराकडे जातं, सोंडेवर ते खाली उतरतं. एवढं एक कळलं तरी निम्मं काम झालं. राजगडाच्या संजीवनी माचीपासून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंतची धार मी घरी शिवणाच्या ओल्या दोऱ्याने मोजली. किल्ल्यापासून किल्ल्यापर्यंत सरळ पट्टी लावली तर १४ सेंमी, म्हणजे ७ किमी. दोऱ्याने दहा किमीच्या आसपास. पुतण्याच्या फोनवरचा ठिपका आपण कुठे आहोत ते चोख सांगतो, ते मान्य. पण दक्षिणेला भाटघर धरणाचं पाणी, उत्तरेला कानंदी नदीचं खोरं आणि मधून ही अरुंद धार, हे सगळं एका नजरेत तळहाताएवढ्या काचेवर दिसत नाही.

कमी काय पडतं? २० मीटरच्या अंतरात बरंच काही लपतं. १५ मीटरचा कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये सहज मावतो आणि कागदावर त्याचा मागमूस नसतो. बुधल्याच्या अलीकडे अशाच एका जागी माझे गुडघे बोलले. दोष माझाच, मी तिथे "सोपा चढ" लिहून ठेवलं होतं. रस्ते, वस्त्या, तळी ह्यांच्या बाबतीत समासातलं सर्वेक्षणाचं साल आधी बघा. डोंगर हलत नाही, माणूस हलतो. होकायंत्राला मात्र इथे फारशी दुरुस्ती लागत नाही, आपल्याकडे चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत एक अंशाचाही फरक नाही.

नावनोंदणीची पाच मिनिटं सोडली तर शीटला पैसा पडत नाही, छपाईचे काय ते. घ्याच. फक्त साध्या प्लॉटर पेपरवर घेऊ नका. माझी घडी तोरण्यावर पोचेपर्यंत बरोबर राजगडाच्या डोक्यावर फाटली. पुढच्या खेपेला मांजरपाटावर खळीने चिकटवून घेणार आहे, पूर्वी ऑफिसात चिकटवायचो तशी.