यू आकाराची गरोदरपणातील उशी : नऊ आठवड्यांच्या वापरानंतर

सातवा महिना सरला आणि रात्री कूस बदलणे हे एक स्वतंत्र काम होऊन बसले. २८ आठवड्यांनंतर कुशीवरच झोपावे असे डॉक्टर सांगतात, कारण उताणे झोपल्यास वाढलेल्या गर्भाशयाचा भार कण्यालगतच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडून बाळाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. सांगणे सोपे आहे. पण तासाभरात खालचा खुबा ठणकू लागतो आणि वरचा पाय पुढे घसरून कंबरेला पीळ बसतो. म्हणून १,८०० रुपये देऊन ही उशी मागवली.

तिचा खरा उपयोग पायांमध्ये होतो. एक बाजू गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत दोन्ही पायांत धरली की वरचा पाय खुब्याच्या पातळीत राहतो. पलंगावरून उठताना जांघेत जी चमक भरायची, ती आठवडाभरात निम्म्यावर आली. नुसता गुडघा टेकवून भागत नाही, घोटाही टेकला पाहिजे, हे मला तिसऱ्या रात्री उमगले. दुसरी बाजू पाठीशी असल्याने झोपेत उताणे होणे टळते. पोटाखाली मात्र ही उशी फार जाड पडते. तिथे आईच्या जुन्या लुगड्याची घडी अधिक सुखाची ठरली.

छातीतली जळजळ आणि पोटऱ्यांतले गोळेही थांबतील, हा जाहिरातीतला दावा मनावर घेऊ नये. संप्रेरकांमुळे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैलावते आणि गर्भाशय जठराला वर रेटते, म्हणून जळजळ होते. रात्रीचे जेवण साडेसातला उरकल्याने जो फरक पडला, तो उशीने पडला नाही. गोळा आला की पाऊल तातडीने आपल्याकडे ओढावे लागते, आणि नेमकी तेव्हाच ही उशी पायांत अडकते.

अभ्र्याची चेन अर्ध्यावरच संपते, त्यामुळे तो काढायला दोन माणसे लागतात. कापड सुती नसल्याने एप्रिलमध्ये पाठ घामाने चिंब होई. शिवाय दुहेरी पलंगाचा अर्ध्याहून अधिक भाग ती एकटीच व्यापते. यजमान महिनाभर खाली गादी घालून झोपले. बाळंतपणासाठी माहेरी जाताना ती कोणत्याच बॅगेत मावेना, तेव्हा तिथे गोधडीची घट्ट गुंडाळी करून दोरीने बांधली आणि पायांत घेतली. खुब्याला आराम जवळपास तेवढाच मिळाला. पाठीचा आधार तेवढा गेला.