कुफूचा रकाना : मुंबईतील एका मुस्लिम विवाहमंडळाची सेवा

मुस्लिम कुटुंबांना स्थळे सुचवणाऱ्या मुंबईतील एका विवाहमंडळात आम्ही भाचीचे नाव नोंदवले होते. त्या सेवेबद्दलचे हे मत आहे. मंडळाचे नाव देत नाही, कारण ज्या पद्धतीबद्दल माझी तक्रार आहे ती थोड्याफार फरकाने इतर मंडळांतही चालते.

आधी चांगले सांगतो. स्थळाची चौकशी हे लोक मनापासून करतात. शिक्षण आणि नोकरी यांची कागदपत्रे पाहिली जातात, आधी निकाह किंवा तलाक झाला असल्यास ते लपवू दिले जात नाही, आणि महरची, म्हणजे वराने वधूला द्यायची, रक्कम बैठकीच्या अखेरीस घाईघाईने न ठरवता सुरुवातीलाच बोलून घेतली जाते. मंडळातील एक बाई मुलीशी एकट्याने बोलून तिची संमती विचारतात. वडिलांनी मनाविरुद्ध लावलेला खन्सा बिन्त खिदाम यांचा निकाह पैगंबरांनी रद्द ठरवला होता, हा बुखारींच्या हदीससंग्रहातील (पैगंबरांच्या वचन-वर्तनाच्या नोंदींतील) दाखला त्या बाई पालकांनाही ऐकवतात. या कामासाठी घेतलेली फी मला जास्त वाटली नाही.

अडचण अर्जातच आहे. शिक्षण आणि स्वभाव यांच्या आधी ‘खानदान-बिरादरी’ असा रकाना येतो आणि तो रिकामा सोडता येत नाही. सय्यद, शेख, मुघल, पठाण पहिल्या गटात. अन्सारी, कुरेशी, बागवान, पिंजारी, मणियार, अत्तार दुसऱ्या गटात. आम्ही कोकणी आणि मेमन ‘इतर’मध्ये. एका गटातील मुलीला दुसऱ्या गटातील स्थळ दाखवलेच जात नाही. भिवंडीच्या एका मोमीन अन्सारी, म्हणजे विणकर बिरादरीच्या, घरातील मुलगा याच मंडळात नोंदलेला असल्याचे आम्हाला नात्यातून, बाहेरूनच कळले. विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले, “भाईसाहेब, हे आम्ही ठरवलेलं नाही. शरीअतनेच कुफू बघायला सांगितलाय.”

हे उत्तर तपासून पाहण्यासारखे आहे. कुफू म्हणजे बरोबरीचा जोडीदार. कफाअत, म्हणजे वराची वधूशी बरोबरी, हा विषय फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या, ग्रंथांत आहे हे खरे; परंतु तो कायद्याच्या परंपरा घालून देणाऱ्या सर्व इमामांनी सारखा मांडलेला नाही. मदिनेत राहणाऱ्या इमाम मालिकांनी बरोबरी मुख्यतः धर्मनिष्ठेत पाहिली. याउलट इराकमधील कुफा हे अरब टोळ्यांच्या वस्त्यांचे छावणीचे शहर होते. तेथे नव्याने मुसलमान झालेले इराणी आणि इतर अरबेतर, ज्यांना अरबीत ‘मवाली’ (आश्रित) म्हणत, अरबांच्या शेजारीच, पण त्यांच्या खालचे मानले जाऊन राहत. तेथील हनफी या कायदेपरंपरेत वंश, धन आणि व्यवसाय हेही निकष ठरले. ज्यांच्या नावाने ही परंपरा चालते ते इमाम अबू हनीफा स्वतः इराणी वंशाचे कापडव्यापारी होते, ही गोष्ट आपल्याकडील खानदानी मंडळी फारशी आठवत नाहीत.

शिवाय हनफी ग्रंथ जे म्हणतात तेही हा अर्ज पाळत नाही. त्यांच्या मते कुरैश (पैगंबरांचा कबिला) परस्परांचे कुफू, इतर अरब परस्परांचे कुफू; अरबेतरांच्या बाबतीत मात्र वंश मोजायचाच नाही, कारण त्यांनी आपल्या वंशावळी जपलेल्या नाहीत. दुसरे असे की, ही बरोबरी केवळ वराची पाहायची असते. पुरुषाने कोणत्याही घराण्यातील स्त्रीशी निकाह करावा, त्याला हरकत नाही. मंडळाची चाळणी मात्र दोन्ही बाजूंना सारखीच लागते. आणि मूळ मुद्दा असा की, कफाअत हा वधूचा आणि तिच्या वलीचा (वडील किंवा तत्सम पालकाचा) हक्क मानला गेला आहे. तो त्यांनी सोडला तर बहुतेक फकीहांच्या (कायदेपंडितांच्या) मते निकाहला बाध येत नाही. आम्ही शाफई, म्हणजे हनफींहून वेगळ्या कायदेपरंपरेचे, आहोत. आमच्यात वली लागतो आणि वंशही विचारात घेतला जातो, पण मुलगी आणि वली दोघेही राजी असतील तर प्रश्न मिटतो. मग तिसऱ्या कोणी, तेही फी घेऊन, आमचा हक्क आमच्या वतीने का बजावावा?

व्यवसायाच्या निकषात तर गंमतच आहे. जुन्या ग्रंथांत विणकर हा अत्ताराच्या (सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याच्या) किंवा कापडव्यापाऱ्याच्या बरोबरीचा नाही असे म्हटले आहे; या अर्जात तो प्रतिष्ठित अत्तारही विणकराच्याच गटात जाऊन बसला आहे. म्हणजे ग्रंथाचे नाव घ्यायचे आणि यादी मात्र हिंदुस्थानी अशराफ-अजलाफची, म्हणजे उच्चकुलीन आणि हलक्या मानलेल्या मुसलमानांची, चालवायची. 1857 नंतर उत्तरेतून मालेगाव आणि भिवंडीला आलेल्या मोमीन विणकरांनी मदिनेच्या अन्सारांशी (पैगंबरांना साथ देणाऱ्या तेथील रहिवाशांशी) नाते सांगितले, त्यामागे याच उतरंडीचा जाच होता.

कुरआनच्या सूरा हुजुरातमधील तेरावी आयत सांगते की कौमा आणि कबिले परस्परांची ओळख पटावी म्हणून आहेत, आणि अल्लाहपाशी श्रेष्ठ तोच जो अधिक धर्मनिष्ठ. पैगंबरांनी आपली आतेबहीण झैनब हिचा निकाह मुक्त केलेला गुलाम झैद याच्याशी लावला होता. तो टिकला नाही, हेही खरे. पण त्यानंतरही कुरैश घराण्यातील फातिमा बिन्त कैस हिला त्यांनी, मागणी घालणाऱ्या मुआवियांऐवजी, याच झैदचा मुलगा उसामा सुचवला आणि तो संसार सुखाचा झाला. कबिल्याचे वजन एवढ्याने संपत नाही, हे सौदी अरेबियात दिसले. पतीचा कबिला हलका आहे या पत्नीच्या सावत्र भावांच्या तक्रारीवरून 2005 मध्ये अल-जौफच्या न्यायालयाने दोन मुले असलेल्या जोडप्याचा विवाह मोडला. वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरवला तो 2010 मध्ये.

आमचे कोकणी घरही याबाबतीत निर्मळ नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ‘जमाती’ म्हणवणारी घराणी आपण अरबस्तानातून आल्याचे अभिमानाने सांगतात, आणि मासेमारी करणाऱ्या दाल्दी मुसलमानांशी सोयरिक करायला पिढ्यानपिढ्या कचरत आली. पण त्याला आम्ही ‘आमच्यात चालत नाही’ म्हणतो; शरीअतचा शिक्का त्यावर मारत नाही.

निव्वळ सोयीचा विचार केला तर, खाण्यापिण्याच्या, बोलीच्या, रीतिभातीच्या सारखेपणासाठी काही कुटुंबांना स्वतःच्याच बिरादरीतील स्थळ हवे असते, आणि त्यांनी ते मागावे. त्यासाठी हा रकाना ऐच्छिक असणे पुरेसे आहे. मी तसे लेखी सुचवले, तेव्हा ‘वर कळवतो’ एवढेच उत्तर आले.

एकाच बिरादरीत शोधणाऱ्यांना या मंडळाची चौकशी उपयोगी पडेल. इतरांनी फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : रकाना रिकामा ठेवता येईल का, आणि सर्व गटांतील स्थळे पाहता येतील का. आम्हाला दोन्हींचे उत्तर नकारार्थी मिळाले, म्हणून मुदतवाढ घेतली नाही. भिवंडीच्या घराशी बोलणी आता थेट सुरू आहेत.