काल हवा भरली, आज सेल्फ लागेना: जम्प स्टार्टर आणि कॉम्प्रेसर एकाच डब्यात घ्यावा का?

दोन्ही कामं करणारा डबा विकताना दुकानदार जे सांगतो ते खोटं नसतं. बॅटरी उतरली तर त्याने गाडी सुरू होते, टायर बसला तर हवा भरता येते. गोम अशी की दोन्ही कामं एकाच लिथियम पॅकवर चालतात. हवा महिन्यातून दोनदा भरावी लागते. जम्पची गरज वर्षा-दोन वर्षांतून एकदा, तीही चोर्ला घाटात नाहीतर गोव्यातल्या चोडणच्या फेरीबोटीच्या रांगेत, अंधार पडल्यावर. जो पॅक ऐनवेळी भरलेला हवा, तोच आपण दर पंधरा दिवसांनी थोडा थोडा उपसत असतो. म्हणून चारचाकीसाठी आमचा कौल सरळ आहे: दोन वस्तू वेगळ्या घ्या. छोटा, चांगल्या चिमट्यांचा जम्प स्टार्टर आणि लायटरच्या सॉकेटवर चालणारा वायरवाला कॉम्प्रेसर. स्कूटरची गोष्ट निराळी, ती पुढे.

हिशेब मांडून पाहू. लहान हॅचबॅकच्या १७५/६५ आर १४ टायरच्या पोटात साधारण २४ लिटर जागा असते. तो शून्यापासून ३३ पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) न्यायला बाहेरची जवळपास ५५ लिटर हवा आत ढकलावी लागते. खोक्यावर ‘मिनिटाला ३५ लिटर’ लिहिलेलं असतं, पण तो आकडा नळी मोकळी असतानाचा. टायरमध्ये दाब चढू लागला की तोच पंप १२ ते १५ लिटरवर येतो. म्हणजे चार-पाच मिनिटं. १२० वॅटचा पंप पाच मिनिटांत १० वॅट-अवर खातो (वॅट-अवर म्हणजे साठवलेल्या विजेचं माप). उरलेल्या तीन टायरांना थोडी थोडी हवा दिली की आणखी सात-आठ. ‘१०,००० एमएएच’च्या डब्यात एकूण ३७ वॅट-अवर असतात, त्यातले निम्मे इथेच संपले. आणि बहुतेक पुस्तिकांत लिहिलेलं असतं की चार्ज निम्म्याखाली असेल तर जम्प मारू नका.

एमएएचचा आकडा सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो, गाडीच्या १२ व्होल्टवर नाही. त्याला ३.७ ने गुणून हजाराने भागलं की वॅट-अवर मिळतात. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर, १२ व्होल्टच्या भाषेत जेमतेम ६ अँपिअर-अवर. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची असते, हे लक्षात ठेवा.

आकडा खरा की फुगवलेला हे वजन सांगतं. ७४ वॅट-अवरच्या नुसत्या सेलचंच वजन ४०० ग्रॅमच्या घरात जातं. वर पितळी सिलिंडरचा पंप, मोटर, नळी. एवढं सगळं असलेला डबा ६०० ग्रॅमचा भरत असेल तर आत २०,००० नाहीत. म्हापशाच्या बाजारातल्या भाजीवालीच्या काट्यावरसुद्धा ही तपासणी होते. घरी आणल्यावर दुसरी करा: पॅक पूर्ण भरा आणि ५,००० एमएएचचा फोन त्यावर चार्ज करत राहा. खरा ७४ चा पॅक फोन अडीच ते तीन वेळा भरतो. एकदा भरून दुसऱ्यांदा अर्ध्यावर दम टाकला तर परतीची मुदत असेपर्यंत परत करा.

तरीही मोठी क्षमता हे जम्पचं माप नव्हे. नोको कंपनीच्या जीबी४० या मॉडेलमध्ये फक्त २४ वॅट-अवर आहेत आणि ते ६ लिटरपर्यंतच्या पेट्रोल, ३ लिटरपर्यंतच्या डिझेल इंजिनासाठी विकलं जातं. सेल्फ तीन सेकंदांचा खेळ आहे. त्या तीन सेकंदांत सेल किती जोरात करंट सोडू शकतात आणि तो तारेतून किती सुखरूप पोचतो, एवढंच बघायचं. खोक्यावरचे ‘२००० ए पीक’ हे क्षणभराचे, बहुतेकदा कागदावरचेच. त्याखाली बारीक अक्षरात ‘स्टार्टिंग करंट’ असतो, तो वाचा. १.२ लिटरच्या पेट्रोल गाडीला १०० ते २०० अँपिअर पुरतात. इनोव्हा, स्कॉर्पिओसारख्या डिझेलला ३०० ते ५०० लागतात. स्टार्टिंग करंट लिहिलेलाच नसेल तर पीकचा अर्धाही खरा धरू नका.

चिमटे हातात घेऊन बघा, कारण स्वस्तातला माल तिथेच उघडा पडतो. चिमट्याला दोन जबडे असतात. चांगल्या चिमट्यात दोन्ही जबडे तांब्याच्या पट्टीने जोडलेले असतात. साध्यात एकाच जबड्याला तार असते आणि दुसरा नुसता स्प्रिंगच्या जोरावर दाबतो. तार सिलिकॉनची, बोटात मऊ वळणारी आणि आखूड हवी. एक फूट पुरते. तार लांबली की व्होल्टेज वाटेत गळतं. डिकीत पडलेल्या जुन्या जम्पर केबल नेमक्या यामुळे फसतात: अडीच मीटरची जोडी आत ४ चौरस मिलिमीटर तांब्याची असेल तर २०० अँपिअरला ४ व्होल्टच्या वर तारेतच जातात, मग समोरची गाडी कितीही रेस करा. १६ चौरस मिलिमीटरला हीच गळती १ व्होल्टच्या आसपास राहते. अशी केबल असेल आणि शेजारी भला असेल तर जम्प स्टार्टरची घाईही नको.

तारेच्या मध्ये जी छोटी डबी असते ती उलट जोडणी, शॉर्ट आणि उलट करंट अडवते. बॅटरी दोनेक व्होल्टच्या खाली मेली असेल तर डबीला समोर बॅटरी आहे हेच कळत नाही आणि ती करंट सोडत नाही. त्यासाठी ‘बूस्ट’चं बटण असतं. ते दाबलं की सगळी राखण उठते, अगदी लाल-काळ्याची अदलाबदल पकडणारीसुद्धा. बूस्टआधी चिमटे दोनदा तपासा, पावसात टॉर्च लावून.

जम्प मारताना चावी बंद, एसी आणि दिवे बंद. लाल चिमटा प्लसला. काळा बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला किंवा जाड बोल्टला. बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन साचलेला असू शकतो, ठिणगी तिथे नको. तुमच्या मॉडेलची पुस्तिका थेट मायनसला लावा म्हणत असेल तर तिचं ऐका. हिरवा दिवा आला की चावी. डिझेलला हीटरचा दिवा विझू द्या. सेल्फ तीन सेकंद, फार तर पाच. लागली नाही तर मिनिटभर थांबा, पॅक तापलेला असतो. तीन-चार प्रयत्नांनंतर सोडून द्या. गाडी लागली की अर्ध्या मिनिटात चिमटे काढा: आल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा जनरेटर) १४ व्होल्टच्या वर देतो आणि तीन सेलचा पॅक १२.६ ला भरतो. डबीने उलटा करंट अडवला नाही तर पॅक फुगतो. एकदा फुगलेला पॅक पुन्हा चार्ज करू नका. मग अर्धा तास गाडी चालवा, नुसती आयडलवर ठेवून फारसं भरत नाही.

सगळ्या बंद गाड्या बॅटरीमुळे बंद नसतात. ‘टक-टक-टक’ आवाज आणि डॅशबोर्ड मंद, तर बॅटरी. एकच ‘टक’ आणि दिवे लख्ख, तर स्टार्टर किंवा त्याला करंट जोडणारा सोलेनॉइड. जम्पने काही होत नाही. चिमटे काढताच गाडी बंद पडली तर आल्टरनेटर तपासा. साधा मल्टिमीटर हे सांगतो: उभ्या गाडीत १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ च्या खाली म्हणजे उतरलेली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. आणि आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात आधी टर्मिनल बघा. त्यावर पांढरी-हिरवी पूड धरली असेल तर चांगली बॅटरीही मेल्यासारखी वागते. गरम पाण्यात खाण्याचा सोडा, जुना दातांचा ब्रश, सुकल्यावर व्हॅसलिनचा हात. निम्मे जम्प इथेच वाचतात.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हसू नये. तिच्यातही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती गेली की मोठी बॅटरी भरलेली असून गाडी जागी होत नाही. तिला उठवायला थोडाच करंट लागतो, लहान जम्प स्टार्टर पुरतो. मात्र इलेक्ट्रिक गाडीवरून दुसऱ्या गाडीला जम्प देऊ नका.

आता कॉम्प्रेसर. पेट्रोल पंपावरचं हवेचं मशीन चालू सापडणं हा नशिबाचा भाग आहे, म्हणून घरचा पंप पैसे वसूल करतो. १२ व्होल्टचा वायरवाला घ्या: त्यात म्हातारी होणारी बॅटरीच नसते. धातूचा सिलिंडर, ठरवलेल्या पीएसआयला आपोआप बंद होणारा आणि तार किमान ३ मीटर, म्हणजे मागच्या टायरपर्यंत पोचेल. फ्यूज बघायला विसरू नका. १८० वॅटचा पंप १५ अँपिअर ओढतो. तुमच्या सॉकेटचा फ्यूज १० चा असेल तर पहिल्याच टायरला उडेल. तिथे २० चा घालणं म्हणजे वायरिंग जाळायचं आमंत्रण. अशा गाडीला १२० वॅटच्या आतला पंप बरा. इनोव्हासारख्या गाडीच्या टायरमध्ये ३७ लिटर जागा असते. तिला थेट बॅटरीला चिमटे लावायचा मोठा पंप बरा.

हवा भरताना इंजिन चालू ठेवा, पण बंद गॅरेजमध्ये नाही. आठ-दहा मिनिटांनंतर पंपाला तेवढीच विश्रांती. नळीच्या टोकाची पितळी नोझल तेव्हा चटका बसेल इतकी तापते, फडक्याने धरा. फिरवून बसवायची नोझल काढताना सुमारे १ पीएसआय सुटतो, तेव्हा १ जास्त लावा. पंपाचं मीटर एक-दोन पीएसआय चुकू शकतं, एकदा वेगळ्या गेजशी जुळवून फरक कागदावर लिहून ठेवा. दाब दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. पणजीहून मडगावला पोचल्यावर मोजलात तर तीन-चार पीएसआय जास्त दिसतील. ते सोडू नका. ट्यूबलेसमध्ये खिळा दिसला तर उपटू नका, हवा भरून पंक्चरवाल्यापर्यंत जा. रिमवरून सुटलेला टायर मात्र असल्या पंपाने बसत नाही.

स्कूटर. दहा इंची टायरमध्ये सातेक लिटर जागा, बॅटरी ३ ते ५ अँपिअर-अवरची. इथे हवेचा खर्च किरकोळ आहे आणि सेल्फला थोडेच अँपिअर लागतात, त्यामुळे एकाच डब्याचा लहान सेट चालून जातो, तोही सीटखाली मावणारा. अडतं ते मागच्या चाकाशी. एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला सायलेन्सर, आणि सरळ नोझल व्हॉल्व्हवर वळवायला जागा नाही. एल आकाराचा छोटा जोड वेगळा घ्यावा लागतो. टायर लहान म्हणून दाब भराभर चढतो. आपोआप बंद न होणारा पंप स्कूटरसाठी घेऊच नका.

ठेवायचं कुठे, हा गोव्यातला खरा प्रश्न. उन्हात बंद गाडीत तापमान ६० अंशांपर्यंत जाऊ शकतं, डॅशबोर्डवर त्याहून जास्त. लिथियम पॅक तिथे लवकर मरतो. पुढच्या सीटखाली ठेवा, लांब उभी करायची तर घरी न्या. खोक्यावर लिथियम आयर्न फॉस्फेट लिहिलेला पॅक थोडा जड असतो, पण उष्णता चांगली सोसतो. दोनशे ग्रॅम जास्त उचलायला हरकत नाही. दर तीन महिन्यांनी पुन्हा भरा. पाण्यापासून बचावाचा आयपी६५ वगैरे आकडा रबरी झाकणं बसलेली असतील तरच खरा. जम्पनंतर पॅक थंड होऊ द्या, मग चार्जिंग.

किमती ढोबळ: वायरवाला कॉम्प्रेसर दोन ते साडेतीन हजार, जम्प स्टार्टर चार ते आठ, एकत्र डबा सहा ते दहा. म्हणजे वेगळे घेतल्याने फार महाग पडत नाही. खोक्यावर आयएस १६०४६ (बॅटरीच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक) आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा, आयातदाराचं नाव-पत्ता आणि महिना-वर्ष बघा. वर्षभर दुकानात पडलेला पॅक नवा नसतो. आखातातून कोणी आणणार असेल तर चेक-इन सामानात नाही, हातातल्या बॅगेत. १०० वॅट-अवरपर्यंत साधारणपणे, १६० पर्यंत विमान कंपनीच्या परवानगीने. काही कंपन्या जम्प स्टार्टर मुळीच घेत नाहीत, आधी विचारा.

तारवटी मंडळी सहा-सहा महिने जहाजावर असतात, त्यांना यातलं काही घ्यायच्या आधी दहाचा पाना हवा. उभी गाडी घड्याळ, अलार्म, लॉक मिळून ५० मिलीअँपिअर खात असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात. ३५ ची बॅटरी तीन आठवड्यांत बसते. लांब जाताना मायनसचं टर्मिनल ढिलं करून बाजूला सारायचं. त्याआधी रिमोटमधली धातूची चावी बाहेर काढून दार तिने उघडतं का ते बघा. डिकी फक्त बटणाने उघडणारी असेल तर जम्प स्टार्टर डिकीत नको: बॅटरी गेली की तो आत आणि तुम्ही बाहेर.