आउटबोर्ड मशीन पावसाळ्यात ठेवताना : एक फसलेलं वर्ष, एक जमलेलं वर्ष

होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड मशीन, घेतलं ऑक्टोबर २०२३ मध्ये. ९.९ अश्वशक्तीचं, चार स्ट्रोक, कार्ब्युरेटरवालं (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग असलेलं), दोरी ओढून चालू होणारं. अठरा फुटी फायबरच्या होडीला लावलंय. मालवणजवळ देवबागला कर्लीच्या खाडीत चालवतो, वारा बरा असला तर बाहेर समुद्रातही. कंपनीचं नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढचं सगळं कुठल्याही कंपनीच्या मशीनला लागू आहे. चालण्याबद्दल माझी तक्रार नाही. लिहायचंय ते मशीन चालत नसतं त्या दिवसांबद्दल.

मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. पण आमच्याकडे होडी मे संपायच्या आत वर येते आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय परत पाण्यात जात नाही. म्हणजे अडीच महिने मशीन मांगरात, सामान ठेवायच्या खोपटात. पुस्तिकेत ‘हिवाळ्यातील साठवण’ असं एक प्रकरण होतं. गिअरच्या डब्यात पाणी राहिलं आणि गोठलं तर डबा फुटतो, वगैरे. देवबागात बर्फ! मी हसून पान उलटलं. ते हसणं मला साडेसहा हजारांना पडलं.

२०२४ च्या मे महिन्यात मी केलं ते इतकंच: बाहेरून गोडं पाणी मारलं, निळी ताडपत्री गुंडाळून दोरीने करकचून बांधली, टाकीत अर्धं पेट्रोल तसंच ठेवलं. ऑगस्टमध्ये दोरी ओढून ओढून खांदा उतरायची वेळ आली, मशीन ढिम्म. मेस्त्रीने कार्ब्युरेटरची वाटी उघडली तर तळाला काकवीसारखा चिकट थर आणि पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी जेटवर हिरवी बुरशी चढावी तसा गंज. तो एवढंच म्हणाला, “मशीन बिघडाक नाय, तू बिघडवलंस. टाकयेत पेट्रोल कित्याक ठेवलंस?”

आता पंपावर मिळतं ते इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि जून-जुलैत आमच्या हवेत ओलाव्याशिवाय दुसरं असतंच काय? पाणी पुरेसं साठलं की ते इथेनॉलसकट खाली बसतं आणि मशीनला पहिला घोट त्याचाच मिळतो. त्यात ताडपत्रीच्या आत घाम धरलेला. स्क्रू, स्प्रिंगा, सगळ्यांवर तांबूस पूड.

गिअरचं तेल काढलं तर दुधाच्या चहासारखं, म्हणजे आत पाणी शिरलेलं. पंखा उतरवल्यावर कारण दिसलं: दांड्याला तंगूस (मासे धरायचा नायलॉनचा दोरा) गुंडाळलेला, त्याने पाणी अडवणारं रबरी सील कापलेलं. हा दोष साठवणीचा नव्हे, पण मेमध्येच तेल काढलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. अडीच महिने गिअर खाऱ्या पाण्यात भिजत पडले.

२०२५ ला पुस्तिका नीट वाचली. हिवाळा म्हणजे आपला पावसाळा असं धरलं की जवळपास सगळं लागू पडतं. बर्फाच्या जागी मीठ घ्यायचं, बस.

सगळ्यात जास्त वेळ गेला मीठ धुण्यात. पुस्तिकेत पाण्याच्या नळीचं तोंड जोडायची जागा दाखवलीय, पण तिचे आटे आपल्या बाजारातल्या एकाही नळीला बसत नाहीत, आणि विकणाऱ्याने जोडतुकडा दिलाच नाही. मग दोनशे लिटरचा पिंप कापला. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बुडेल इतकं पाणी भरून, मशीन न्यूट्रलमध्ये ठेवून, पंधरा मिनिटं चालवलं. कमी वेळ उपयोगाचा नाही: मशीन गरम होऊन आतला थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर पाण्याला वाट देणारी झडप) उघडला तरच पाणी सगळीकडे फिरतं. पहिल्या पाच मिनिटांनंतर पिंपातलं पाणी चाखून बघा, खारट लागतं. मी पाणी दोनदा बदललं. आणि आमच्यासारख्या खाडीकाठच्या गावात विहिरीचं पाणीही आधी चाखावं, मेमध्ये तेही मचूळ होतं. पाण्याबाहेर मशीन क्षणभरही चालवू नका, इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबरी चक्र जळतं.

शेवटी पेट्रोलची नळी काढली आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू दिलं. तरी वाटीत थोडं उरतंच, ते खालच्या स्क्रूने काढलं. (तो स्क्रू इतका आत आहे की ज्याने तिथे बसवला त्याला एकदा लांब पेचकस देऊन बसवावं.) टाकीतलं पेट्रोल स्कूटरमध्ये ओतलं, चार स्ट्रोक असल्याने त्यात तेल मिसळलेलं नसतं. कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवालं मशीन असेल तर असं कोरडं चालवू नका, त्याच्या पेट्रोलपंपाला ते सोसत नाही.

सिलिंडरमध्ये मारायचा तेलाचा फवारा मालवणात मिळाला नाही. प्लग काढून चमचा-चमचा टू-टी तेल (दोन स्ट्रोक इंजिनाचं) सोडलं, मशीन चालू होऊ नये म्हणून किल-स्विचची (मशीन बंद करायच्या बटणाची) दोरी काढून ठेवली आणि स्टार्टरची दोरी चार वेळा हळू ओढली. इंजिनचं तेल ठेवण्याआधीच बदललं, कारण जुन्या तेलातलं आम्ल आणि पाणी बेअरिंगांपाशी बसून राहतं. गिअरचं तेल नेहमी खालच्या भोकातून भरायचं, वरून बाहेर येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू, नंतर खालचा, वायसर नवे. पंख्याच्या दांड्याला ग्रीस. झिंकची वडी (स्वतः गंजून बाकीचा धातू वाचवते ती) अर्धी झाली होती, बदलली.

मशीन लाकडी घोडीवर उभंच ठेवलं, आडवं नाही. वर आईची जुनी सुती चादर, ताडपत्रीला रजा.

ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमा आली. सकाळी तिसऱ्या ओढीला मशीन लागलं, प्लगवरचं तेल जळताना धूर झाला आणि गेला. पण बाजूने पाण्याची धार, जी पंप चालू असल्याची खूण, ती येईना! लगेच बंद केलं. वाटलं, पंप गेला. निघालं काय, तर मांगरातल्या कुंभारणीने (मातीचं घर करणाऱ्या माशीने) धारेच्या भोकात मातीचं घर बांधलेलं. तारेच्या तुकड्याने कोरून काढलं, धार सुरू.

आता फेब्रुवारी. सहा महिन्यांत कार्ब्युरेटरला हात लावलेला नाही, मशीन दुसऱ्या ओढीला लागतं. नोव्हेंबरात गिअरचं तेल थोडं काढून पाहिलं, स्वच्छ. खर्च तेल, वायसर, वडी आणि पिंप इतकाच, आणि एक अख्खा दिवस.

येत्या मेमध्ये पंपाचं रबरी चक्र बदलणार आहे. दोन वर्षांत त्याच्या पाकळ्या एका बाजूला वळल्यात. आणि त्या धारेच्या भोकात कापसाचा बोळा, त्याला लाल चिंधी, म्हणजे ऑगस्टात काढायला विसरणार नाही.