कागदी लॉगबुक, मोबाइलमधलं लॉगबुक आणि एअरलाइनचा अर्ज: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेत कमर्शिअल पायलट लायसन्स करून भारतात परतलेल्या आणि आता ज्युनिअर फर्स्ट ऑफिसरच्या (सहवैमानिकाच्या) जागांसाठी अर्ज करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. माझं ट्रेनिंग अ‍ॅरिझोनात झालं. कागदी लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, पहिल्या दिवसापासून होतंच. शेवटच्या टप्प्यात मोबाइलवरचं लॉगबुक सुरू केलं आणि त्याच्या जोडीला एक स्प्रेडशीट. लायसन्सचं कन्व्हर्जन (अमेरिकन लायसन्सवरून भारतीय लायसन्स घेणं) आणि त्यानंतरची निवड प्रक्रिया या तिन्हींच्या आधारानं पार पडली, त्यामुळे आता ठामपणे बोलू शकते: कागदी वही हाच पुरावा. अ‍ॅप आणि शीट यांचं काम त्या पुराव्याची बेरीज तपासायचं.

अ‍ॅप निवडताना फार विचार करावा लागला नाही. फोन अँड्रॉइड आणि लॉगटेन फक्त अ‍ॅपलच्या उपकरणांवर चालतं, म्हणून क्रूलाउंजचं पायलटलॉग घेतलं. जुनी सगळी उड्डाणं हातानं भरायला खूप संध्याकाळी गेल्या, पण ते काम दुसऱ्याला देऊ नका. स्वतः भरताना प्रत्येक ओळ पुन्हा डोळ्यांखालून जाते आणि इंटरव्ह्यूला नेमकं तेच कामी येतं.

आता मुख्य मुद्दा, दशांशाचा. अमेरिकेत विमानातलं हॉब्ज मीटर (वेळ मोजणारं यंत्र) तासाचे दहा भाग करतं, म्हणजे ०.१ बरोबर सहा मिनिटं. वहीत १.३ लिहिलं असेल तर ते १ तास १८ मिनिटं. भारतातले फॉर्म तास आणि मिनिटं मागतात, आणि घाईघाईत १.३ चं १:३० करून टाकलेल्या वह्या मी स्वतः पाहिल्या आहेत. एका उड्डाणात बारा मिनिटं वाढली तर कुणाच्या लक्षात येणार नाही, पण दोनशे तासांत असे कितीतरी आकडे येतात आणि शेवटी वही एक सांगते, फॉर्म दुसरंच. स्प्रेडशीटमध्येही एक खाच आहे. तासांच्या रकान्याला साधा वेळेचा फॉरमॅट दिला की चोवीस तास झाले की बेरीज पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि २६:३० ऐवजी २:३० दिसतं. फॉरमॅटमधला तासांचा एच चौकटी कंसात टाकला की खरा आकडा दिसतो. एवढं एक शिकून घेतलं तरी शीट वापरण्यालायक होते.

दुसरा मुद्दा पीआयसीचा, म्हणजे ‘पायलट इन कमांड’ म्हणून उडालेल्या वेळेचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या) ६१.५१ या नियमाप्रमाणे, ज्या विमानाचं रेटिंग (ते उडवायची परवानगी) तुमच्याकडे आहे ते तुम्ही एकट्यानं हाताळत असाल तर शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला असतानाही तो वेळ पीआयसी म्हणून लिहिता येतो. म्हणजे प्रायव्हेट लायसन्स मिळाल्यानंतर सेसना १७२ वर इन्स्ट्रक्टरसोबत दीड तास उडालात, तर त्याच ओळीत ड्युअल (इन्स्ट्रक्टरसोबतचा वेळ) १.५ आणि पीआयसीही १.५. तिथे ते शंभर टक्के कायदेशीर आहे. आपल्याकडे मात्र तो वेळ फक्त ड्युअल. कमर्शिअलसाठी भारतात एकूण २०० तासांपैकी १०० तास पीआयसी लागतात, आणि अमेरिकन वहीतला पीआयसीचा आकडा तसाच उचलला तर इथे आल्यावर कमी पडू शकतो. मी शीटमध्ये ‘भारतासाठी पीआयसी’ असा वेगळा रकाना केला आणि ड्युअल असलेली प्रत्येक ओळ त्यातून वगळली. तिथून निघण्याआधीच हिशेब समोर होता, त्यामुळे उरलेले सोलो (एकट्यानं उडायचे) तास तिथेच उडून घेतले. मूळ वहीला मात्र हात लावला नाही. ती तिथल्या नियमानं लिहिली आहे आणि तशीच राहायला हवी. फरक समजावून सांगणारं एक पान सोबत जोडलं की पुरे.

तारखांची भानगड अ‍ॅपमुळे कळली. अ‍ॅरिझोना यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) सात तास मागे आहे आणि तिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. संध्याकाळी सहाला उड्डाण केलं की यूटीसीप्रमाणे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे एक. माझी वही आणि विमानाचं रजिस्टर स्थानिक तारखेनं, अ‍ॅप यूटीसीनं. त्यामुळे रात्रीची जवळपास सगळी उड्डाणं अ‍ॅपमध्ये एक दिवस पुढे दिसतात. तपासणाऱ्याला ही दोन वेगळी उड्डाणं वाटू नयेत म्हणून शीटमध्ये दोन्ही तारखा शेजारी ठेवल्या. कमर्शिअलसाठी लागणारे रात्रीचे पाच तास आणि पीआयसी म्हणून दहा टेक-ऑफ, दहा लँडिंग दाखवताना हे फार उपयोगी पडलं.

सिम्युलेटरबद्दल थोडक्यात: कमर्शिअलसाठीच्या इन्स्ट्रुमेंटच्या (बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडायच्या) दहा तासांत जास्तीत जास्त पाच सिम्युलेटरचे धरतात. तो वेळ एकूण उड्डाणतासांत कधीही मिसळू नका, त्याचा रकाना वेगळाच ठेवा.

सह्यांचं दुखणं मात्र कुठलंही अ‍ॅप बरं करू शकत नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान कोसळलं, त्यानंतर अमेरिकेत कायदा बदलला आणि २०१३ पासून एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर व्हायलाही साधारण १५०० तास लागू लागले. त्यामुळे तिथले बरेचसे इन्स्ट्रक्टर हे तास भरायला शिकवतात आणि तास भरले की एअरलाइनमध्ये निघून जातात. माझे एक इन्स्ट्रक्टर असेच गेले आणि राहिलेल्या काही ओळींवर त्यांची सही मिळवायला कित्येक आठवडे ईमेल करावे लागले. विमानातून उतरल्यावर डीब्रीफ (उड्डाणानंतरची चर्चा) संपायच्या आत वही पुढे करा. संकोच करू नका, सही देणं हे त्यांच्या कामाचाच भाग आहे.

निवडीच्या दिवशी समोर बसलेल्या कॅप्टनसाहेबांनी वही सुरुवातीपासून चाळली नाही. थेट शेवटचं पान उघडलं, पानाची बेरीज, मागून आणलेली बेरीज आणि एकूण या तीन ओळींवर बोट ठेवलं आणि अर्जातले आकडे एकेक करून मला वाचायला लावले. मग मधलंच एक पान उघडून विचारलं, “हे तीनशे मैलांचं उड्डाण, कुठे कुठे उतरलात? वाटेत हवामान कसं होतं?” त्या पानावर मी छोटा रंगीत टॅब लावला होता, तसाच पहिल्या सोलोवर, प्रत्येक चेकराइडवर (परीक्षेच्या उड्डाणावर) आणि मल्टी-इंजिनच्या पहिल्या ओळीवर. पान लगेच सापडलं आणि बोलणं सरळ उड्डाणावर गेलं. ते संभाषण मला मनापासून आवडलं. आपण उडालेला तास कुणीतरी इतक्या बारकाईनं वाचतंय, याचं समाधान वेगळंच असतं.

ही बारकाई का, हेही नव्या मुलांनी समजून घ्यावं. २०११ मध्ये आपल्या देशात खोटी गुणपत्रकं आणि फुगवलेले उड्डाणतास यांची प्रकरणं उघड झाली. ज्याच्या मागे शेकडो माणसं बसणार आहेत त्याच्या तासांबद्दल शंका नकोच. विमान नियम, १९३७ मधला ६७-अ हा नियम वैयक्तिक लॉगबुक ठेवणं बंधनकारक करतो आणि आता ई-जीसीए या सरकारी पोर्टलवरही उड्डाणांची माहिती भरावी लागते. म्हणजे तुमचाच आकडा निदान तीन ठिकाणी असणार. तो तिन्हीकडे एकच हवा.

वहीत खाडाखोड झाली तर एकच रेघ मारा, वर बरोबर आकडा लिहा आणि शेजारी सही करा. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. व्हाइटनर लावलेल्या पानाकडे तपासणारा आधी पाहतो. शाई काळी किंवा निळी, पण शेवटपर्यंत एकच.

पैशांबद्दल विचाराल तर अ‍ॅपशिवायही हे सगळं जमतं. बजेट ताणलेलं असेल तर शीट आणि वही एवढ्यावर भागवा. घरून कर्ज काढून आलेल्यांना मी हेच सांगते. उड्डाणं वाढली, दिवसाला तीन-चार सेक्टर होऊ लागले की अ‍ॅप घ्या. विमानतळांची जागा आणि वेळ यावरून रात्रीचा वेळ ते स्वतः काढतं, आणि तेवढ्यासाठीही ते मला मोलाचं वाटतं.

दर महिन्याच्या शेवटी मी अ‍ॅपमधली सगळी माहिती फाइल म्हणून बाहेर काढते, वहीच्या नव्या पानांचे सरळ, सावली न पडलेले स्कॅन करते आणि दोन्ही स्वतःला ईमेल करून एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर ठेवते. स्कॅनच्या फाइलला पान क्रमांक आणि तारखांचा कालावधी असं नाव द्या. अर्जाच्या पोर्टलवर रात्री अकराला अपलोड करताना तीच फाइल पटकन सापडायला हवी असते.