डेमो जोडीच्या नावाखाली ८५,४४० रुपये गेले, माझे स्पीकरही गेले

बाहेरगावच्या विक्रेत्याकडून एक्सचेंजमध्ये महागडे स्पीकर घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. माझे ८५,४४० रुपये गेले. चांगली चालती जुनी जोडी गेली ती वेगळी. तिची किंमत विक्रेत्यानेच ४२,००० ठरवली होती. एकूण १,२७,४४०.

माझ्याकडे केईएफ कंपनीचे एलएस५० स्पीकर होते. हे मॉडेल कंपनीने पन्नाशीनिमित्त २०१२ मध्ये काढलं, आणि २०२० मध्ये त्याचंच पुढचं रूप, मेटा, आलं. त्यात ट्विटरच्या, म्हणजे बारीक सूर काढणाऱ्या छोट्या स्पीकरच्या, मागे वळणावळणाच्या बारीक नळ्यांची चकती असते, मागे जाणारा आवाज ती शोषून घेते. पुण्याला मित्राकडे मी मेटावर किशोरीताई ऐकल्या. तानपुऱ्याची जवारी इतकी मोकळी माझ्या जोडीवर कधीच आली नव्हती. तेव्हापासून डोक्यात तेच. स्पीकरवर एवढा पैसा घालणाराच मूर्ख, असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढे वाचू नये. हा माझ्या कष्टाचा पैसा होता.

अशा विक्रेत्याची पद्धत तुम्हाला ठाऊक आहेच: दुकान आवरतोय, डेमो पीस (गिऱ्हाइकांना ऐकवायला ठेवलेला) आहे, जुना माल घेऊ. मेटाचे १,१८,०००, त्यातून जुन्या जोडीचे ४२,००० वजा, म्हणजे मला ७६,००० द्यायचे. भाव अर्ध्यावर आणला असता तर मी फोनच ठेवला असता. डेमो जोडीला जेवढी सूट मिळते तेवढीच त्याने दिली. व्हिडिओ कॉलवर स्पीकर दाखवले, शेजारी माझं नाव आणि तारीख लिहिलेला कागद धरला. माझा अँप्लिफायर कोणता, खोली किती मोठी, हे विचारलं. मेटाची सेन्सिटिव्हिटी ८५ डेसिबल आहे, म्हणजे तेवढ्याच ताकदीत आवाज कमी निघतो, अँप्लिफायर दमदार लागेल, हेही त्यानेच सांगितलं. इतकी माहिती असलेला माणूस भामटा असेल असं कुणाला वाटेल? ‘दादा, दादा’ करत गोड बोलायचा. मी २५,००० भरून जोडी बुक केली.

आणि मग ते बिल आलं. ही गोष्ट मला अजून झोपू देत नाही. बिलावर पत्ता अंधेरीचा, शिक्का मुंबईचा, आणि जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०७ ने. ०७ म्हणजे दिल्ली. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो. माझं नागपुरात इतवारीत हार्डवेअरचं दुकान आहे, माझ्या प्रत्येक बिलावर तो २७ छापलेला असतो! तेच दोन आकडे माझ्या डोळ्यांसमोर होते. पण बिल आलं तेव्हा दुकानात गिऱ्हाईक उभं, फोनवर बारीक अक्षरातली पीडीएफ, आणि त्याचा माणूस जुनी जोडी न्यायला निघालाय असा निरोप. अशा वेळी कोण आकडे तपासतं? तुम्ही तपासा. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की फर्मचं नाव आणि राज्य दिसतं, पैसे लागत नाहीत.

यूपीआयवर नावही फर्मचं नव्हतं, एका बाईचं होतं. ‘प्रोप्रायटर मिसेस आहेत,’ म्हणाला. इतवारीत कितीतरी खाती बायकोच्या नावावर आहेत, म्हणून मला ते खटकलं नाही.

माणूस आला, जोडी कार्टनसकट घेऊन गेला, छापील पावती दिली. मी ५१,००० पाठवले. मग बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आला, आणि त्यापाठोपाठ ई-वे बिल (माल वाहतुकीचा सरकारी ऑनलाइन कागद) व विम्याचे ८,००० अधिक जीएसटी, असे ९,४४० मागितले. ते परत मिळणार होते म्हणे. ई-वे बिल काढायला सरकार एक रुपयाही घेत नाही, हे लिहून ठेवा. बिल्टीवर वजन होतं ११ किलो. मेटाचा एकेक स्पीकर ७.८ किलोचा, म्हणजे खोकं न धरताच जोडी १५ किलोंच्या वर जाते. हे माझ्या लक्षात आलं तोवर ९,४४० गेले होते. नागपूरजवळ वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात चौकशी केली, त्या क्रमांकाची बिल्टीच नव्हती.

आता ज्यांचं काम मदत करण्याचं, त्यांचं ऐका. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोच मिळाली. लगेच फोन करा, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी. माझे ११,३०० एका खात्यात अडकले, पण ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आमची जबाबदारी नाही. पोलीस ठाण्यात गेलो तर ‘हे आमच्याकडे नाही येत, सायबरला जा.’ सायबरवाले म्हणाले, आधी ठाण्याचा कागद आणा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, नोंदवून घ्यावा लागतो. मी ते छापून नेलं होतं. ‘कायदा आम्हाला नका शिकवू,’ असं ऐकवलं. अरे, तुमचाच कायदा आहे! आणि सगळ्यात संताप याचा, की स्पीकर नेणारा माणूस नागपुरातच फिरतोय. आमच्या इमारतीच्या कॅमेऱ्यात त्याचा चेहरा आहे, गाडीचा नंबर आहे. पोलीस बघायला आले नाहीत. जुनं चित्रण पुसलं जाईल म्हणून मीच पेन ड्राइव्हवर घेतलं, तर म्हणे साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, चित्रण अस्सल असल्याचं प्रमाणपत्र कुठे? ते लागतं हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं? चित्रण घ्याल तेव्हाच कॅमेरे सांभाळणाऱ्याकडून प्रमाणपत्रावर सही घ्या. आणि समोर बसून ऐकल्याशिवाय जुनी जोडी हातातून सोडू नका, अगदी मित्राचा मित्र असला तरी.

माझी जोडी पियानो ब्लॅक, कोन (समोरचा गोल पडदा) गुलाबीसर सोनेरी. उजव्या पेटीच्या मागे खालच्या कोपऱ्यात खरचटलंय, डाव्या पेटीच्या वायर जोडायच्या टर्मिनलची लाल टोपी नाही. नागपूर, अमरावती, रायपूरकडे कुणी विकायला आणली तर वाद घालू नका. मागच्या अनुक्रमांकाचा फोटो काढून मला पाठवा. जुन्या बिलावर तो क्रमांक आहे, मी तो घेऊन पुन्हा त्याच ठाण्यात जाणार आहे.